आईचा प्रश्न

मागच्या रविवारी मुलुंडच्या घरातला माळा आवरायला काढला. जुन्या गाद्यांमागून कागदांची एक गुंडाळी निघाली... माझ्या कॉलेजच्या दिवसांतली चारकोलची न्यूड चित्रं! पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून इतकी वर्षं माळ्यावर. आईने एक कागद उलगडून बराच वेळ पाहिला. वाटलं, आता बोलणी बसणार. पण ती म्हणाली, "बाई दमलेली दिसतेय रे. नाव काय हिचं?"

मला सांगता येईना. तिच्या पाठीवरचा खिडकीतला उजेड आठवत होता, डाव्या पायावर टाकलेला भार आठवत होता, सुट्टी झाली की घाईने अंगाभोवती गुंडाळलेली चादरही. नाव मात्र कधी विचारलंच नव्हतं.

मग पुस्तकं उघडून बसलो. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन आले आणि त्यांनी नग्न मॉडेल समोर ठेवून चित्र काढायचा लाइफ क्लास सुरू केला. त्याआधी शरीररचना शिकायला भिस्त मुख्यतः प्लॅस्टरच्या पुतळ्यांवर. पण पुतळा दमत नाही. खांदा हळूहळू कसा उतरतो, पोट श्वासाबरोबर कसं हलतं, हे जिवंत माणसाकडूनच शिकावं लागतं. म्हणजे ती बाई आमची शिक्षिकाच की!

पुढे गाजले ते चित्रकार. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या 'लव्हर्स' चित्रांवरून अकबर पदमसींवर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. तिकडे पॅरिसमध्ये माने यांच्या 'ऑलिम्पिया'साठी (१८६३) बसलेली व्हिक्तोरीन मरां निदान नावाने तरी ठाऊक आहे. ती स्वतःही चित्रं काढायची. आपल्याकडे मॉडेलची गोष्ट मोठ्या पडद्यावर आली ती रवी जाधव यांच्या 'न्यूड'मध्ये. २०१७ साली गोव्याच्या इफ्फीतून तो वगळला गेला, २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातली यमुना मुलाला शिकवण्यासाठी हे काम करते, आणि मुलापासूनच ते लपवते.

आम्हीही लपवलंच की. फक्त माळ्यावर.

असो. आईने ते चित्र परत वर ठेवू दिलं नाही. कोपऱ्यात माझी सही आहे, ठसठशीत, तारखेसकट. तिच्या नावाची जागा मात्र कोरी आहे.