माणदेशाची लोकर आणि मऊपणाची फूटपट्टी

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तेच.

आजचा विषय लोकर. हल्ली सुयांवर शाली विणणारे बरेच जण हाताने कातलेली, हाताने रंगवलेली लोकर शोधतात. वसंतात खांद्यावर टाकायला हलकी शाल हवी, म्हणून मेरिनोच्या लड्या लांबून मागवतात. मग प्रश्न पडतो, सातारा-सांगलीच्या माळावर एवढी मेंढरं चरतात, त्यांची लोकर कुठे जाते?

आधी एक गंमत. सुयांवरचं काम असो की मागावरचं, मराठीत दोन्हीला आपण ‘विणणं’च म्हणतो. शब्द एक असला तरी इतिहास दोन आहेत. सुया आपल्याकडे इंग्रजी काळात आल्या, मिशनच्या शाळांमधून मुलींच्या हातात पडल्या आणि पुढे मासिकांतल्या स्वेटरच्या नमुन्यांमुळे घरोघरी पोचल्या. मागावरची लोकर त्याच्या कितीतरी आधीची. ती म्हणजे घोंगडी.

घोंगडी समजायची तर नकाशा बघा. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटाव आणि पुढे सांगलीतले आटपाडी, कवठे महांकाळ, जत. इथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश. या कोरड्या पट्ट्यात शेतीचा भरवसा नाही, म्हणून मेंढरं. व्यंकटेश माडगूळकर याच भागातल्या माडगुळ्याचे. त्यांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ धनगरांच्या एका वस्तीची गोष्ट सांगते, तीही शेवटी दुष्काळापाशीच येते.

पावसाळा सरला की अनेक धनगर कुटुंबं कळप घेऊन बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाच्या आधी परत फिरायचं. कारण दख्खनी मेंढराला कोकणातला पाऊस सोसत नाही. मेंढक्याला मात्र उघड्यावर ऊन, थंडी, पाऊस सगळं झेलायचं असतं. त्याचं घर म्हणजे खांद्यावरची घोंगडी. ती रात्री अंथरायची, पांघरायची आणि सर आली की खोळ करून डोक्यावर घ्यायची.

ती बनते कशी? वर्षातून साधारण दोनदा मेंढरं कातरतात. एका मेंढराची लोकर वर्षाला जेमतेम अर्धा ते पाऊण किलो. म्हणजे दोन-अडीच किलोच्या एका घोंगडीसाठी चार-पाच मेंढरांची वर्षभराची लोकर लागते. ती पिंजायची, बायकांनी चरख्यावर कातायची, ताणा लावायचा. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्याने सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. मग जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर विणकाम. विणणारे मुख्यतः सणगर आणि खुटेकर धनगर. माण तालुक्यातलं म्हसवड आजही घोंगडीसाठी ओळखलं जातं. रंग बहुतेकदा मेंढराचाच, म्हणून काळी घोंगडी खरोखर काळ्या लोकरीची.

आरेवाडीच्या बिरोबाला मानणाऱ्या धनगरांत घोंगडीला धार्मिक मानही आहे. राजकारणातल्या ‘घोंगडी बैठका’ तर सगळ्यांना माहीत. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार म्हणजे अक्षरशः वापरणाऱ्याचा अनुभव. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे भुरभुर पाऊस घोंगडी सहज झेलते. पण एकदा पूर्ण भिजली की दिवसेंदिवस वाळत नाही!

आता मूळ प्रश्नाकडे. लोकरीचा दर्जा जगभर तंतूच्या जाडीवरून ठरतो. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनच्या आत, दख्खनीचा साधारण ३० च्या वर. जाड तंतू कातडीला टोचतो. एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडे परदेशी मेंढे आणून लोकर बारीक करायचे प्रयत्न झाले, स्वातंत्र्यानंतरही संकर झाले. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हे चुकीच्या बेंचमार्कसारखं वाटतं. जी वस्तू पावसात, काट्याकुट्यांत, जमिनीवर टिकण्यासाठी घडली, तिला गळ्यापाशी मऊ लागते का एवढंच विचारलं, तर ती नापासच होणार.

दरम्यान मेंढराचा हिशेबच बदलला. पैसा मटणात आला. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नावाने ओळखली जाणारी उंच, रोमन नाकाची मेंढी वजनासाठी आणि रूपासाठी नावाजली जाते, तिच्या अंगावर लोकर अगदी कमी. साताऱ्यातल्याच फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. कामगिरी मोठी आहे आणि मेंढपाळाच्या फायद्याची आहे. पण त्या हिशेबात लोकर नाही. तिकडे कारखान्यातली स्वस्त ब्लँकेटं गावोगावच्या बाजारात आली. कातरणीचा खर्चही निघेना, तेव्हा लोकर रानातच टाकून दिली जाऊ लागली. लोकर नाही तर कातणं नाही, कातणं नाही तर मागाला सूत नाही. साखळीतली एक कडी सुटली की पुढच्या सगळ्या सुटतात.

मग या लोकरीची शाल होईल का? अंगाला लागून घ्यायची वसंतातली नाजूक शाल नाही होणार, हे स्पष्ट सांगतो. आपला वसंत म्हणजे तरी काय, होळी झाली की उकाडाच. पण सदऱ्यावरून घ्यायची जाड शाल, पिशवी, आसन, गालिचा, हे सुयांवर आणि मागावर दोन्हीकडे होऊ शकतं. फक्त कातणारीला तिच्या कामाचा दाम मिळायला हवा. आज कातणाऱ्या बहुतेक बायका वयस्कर आहेत. मेंढरं वाढवता येतात, माग पुन्हा बांधता येतो. बोटांतलं कसब मात्र शिकणारी पोर शेजारी बसली तरच पुढे जातं.

तुमच्या घरी जुनी घोंगडी असेल तर ती कुठल्या गावची, कोणी विणलेली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा आणि मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.