राजधानी बॅगेत भरून नेता येते का? गोष्ट जिंजीची

आजचा भाग थोडा वेगळा आहे, कारण या वेळी मी पुस्तकातून नाही, तर एसटीसारख्या खडखडणाऱ्या बसमधून इतिहासाकडे गेलो.

ऑफिसच्या कामासाठी चेन्नईत होतो. शनिवार मोकळा होता. सगळे पाँडिचेरीला निघाले आणि मी तिरुवण्णामलैच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरला म्हटलं, "जिंजी." त्याला कळेना. मग मोबाईलवर नकाशा दाखवला. तो हसला, "ओ, सेंजी!" तमिळमध्ये गावाचं नाव सेंजी. आपल्या बखरींमध्ये हेच 'चंदी' म्हणून येतं. तेव्हाच आईचा फोन आला. "तिथे काय आहे आपलं?" मी म्हटलं, "अगं, राजधानी होती आपली." ती म्हणाली, "तमिळनाडूत?"

हो, तमिळनाडूत. 1689 साल आठवा. फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला. गादीवर राजाराम महाराज, वय फक्त 19. मी त्या वयात सेमिस्टरची केटी काढत होतो! येसूबाई आणि छोटे शाहू रायगडावर थांबले, राजाराम महाराज बाहेर पडले. प्रतापगड, पन्हाळा, मग वेषांतर करून थेट दक्षिणेला. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी मदत केली, त्यासाठी औरंगजेबाचा राग ओढवून घेतला. नोव्हेंबरमध्ये महाराज जिंजीला पोहोचले. त्याच सुमारास इकडे रायगड पडला आणि येसूबाई, शाहू कैदेत गेले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'डिझास्टर रिकव्हरी' म्हणतो. मुख्य सर्व्हर बंद पडला तर दूर दुसरीकडे एक तयार ठेवायचा. पण तो आधी तयार असावा लागतो ना? इथे तो होता. 1677 च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी विजापूरकरांकडून घेतली आणि लगेच तटबंदीचं मोठं काम काढलं. त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांतही या बांधकामाचं वर्णन सापडतं. बारा वर्षांनी ते काम मुलाच्या उपयोगी पडलं.

आता किल्ला. सह्याद्रीची सवय असेल तर पहिल्यांदा गोंधळायला होतं. इथे आपला काळा बेसॉल्ट नाही, ग्रॅनाइटचे घराएवढे धोंडे एकावर एक रचल्यासारखे. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट. राजगिरीच्या माथ्याआधी एक खोल नैसर्गिक फट आहे, तिच्यावर छोटा पूल. पूल काढला की वरचा भाग तुटला! मी तिथे टेकलो तेव्हा शर्ट पिळावा इतका घाम आला होता. खाली कल्याण महालाचा मनोरा, धान्याची कोठारं, पलीकडे भातशेती.

या खडकांपुढे मोगल फौज 1690 पासून 1698 पर्यंत अडकून पडली. वेढा घालणारा झुल्फिकार खान म्हणजे रायगड घेणाराच सरदार. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव बाहेरून त्याचीच रसद तोडत होते. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य कारभार सांभाळत होते. शेवटी जिंजी पडली, पण राजाराम महाराज त्याआधी निसटले आणि महाराष्ट्रात परतले. राजधानी आता सातारा.

याची किंमतही मोजावी लागली, ते लपवायला नको. औरंगजेब मनसबीचं आमिष दाखवत होता, म्हणून सरदार टिकवायला जिंजीहून वतनं, जहागिऱ्या द्याव्या लागल्या. शिवाजी महाराजांनी जे कटाक्षानं टाळलं होतं, तेच. राज्य वाचलं, पण सरदार प्रबळ झाले. आमच्याकडे घाईत केलेला 'पॅच' पुढे अनेक वर्षं तसाच राहतो, तसं काहीसं.

उतरल्यावर चहाच्या टपरीवर एका आजोबांना मोडक्या इंग्रजीत विचारलं, "राजाराम महाराज माहितीयत?" त्यांनी मान हलवली, नाही. आणि उत्साहानं देसिंगु राजाची गोष्ट सुरू केली. हा बुंदेला तरुण अर्काटच्या नवाबाशी लढताना 1714 मध्ये मारला गेला. त्याचे पोवाडे तमिळमध्ये आजही गायले जातात. खरं सांगू? क्षणभर वाईट वाटलं. आपला राजा आठ-नऊ वर्षं इथे राहिला आणि कुणाला नावही माहीत नाही!

मग वाटलं, मला तरी देसिंगु कुठे माहीत होता? आणि केळदीच्या चेन्नम्मा आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहेत? ज्यांनी आपल्या राजाला जाऊ दिलं, त्यांची नावं आपणही विसरलोच की.

2025 मध्ये मराठा लष्करी किल्ल्यांच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले आले. अकरा महाराष्ट्रात, बारावा जिंजी. जमलं तर जा. सकाळी लवकर चढा, पाणी भरपूर घ्या. आणि खाली आल्यावर चहा पिताना एखादी गोष्ट त्यांचीही ऐका.

आईला रात्री फोन केला. म्हटलं, "आपलं तिथे काय आहे विचारत होतीस ना? उधारी आहे."

भेटू पुढच्या भागात.