ज्यान्तराची मीमांसा

१८८५ च्या जानेवारीत पुण्याच्या शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. तेथे बाळ गंगाधर टिळक गणित शिकवीत. अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाचा, गणिताची मांडणी इंग्रजी वळणाची. तथापि, त्रिकोणमितीय फलनांच्या अवकलनाचे बीज भारतीय ग्रंथांत आहे काय, हा प्रश्न त्यापूर्वी २७ वर्षे उपस्थित झाला होता. तो उपस्थित करणारे बापूदेव शास्त्री जन्माने पुण्याचेच. अध्यापन मात्र काशीच्या संस्कृत महाविद्यालयात.

बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८५८ मध्ये त्यांनी असे प्रतिपादिले की, भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील (११५०) तात्कालिक गती म्हणजे अवकलनाचेच तत्त्व होय. चंद्राची गती क्षणोक्षणी पालटते, म्हणून ही गती हवी. ती काढताना ज्यांमधील फरक त्रैराशिकाने कोटिज्येच्या प्रमाणात घेतला आहे. विल्यम स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये आक्षेप घेतला: कालाचे अंतर अत्यल्प असल्याचा, किंवा रीत स्थूल असल्याचा, उल्लेख तेथे नाही.

या वादाचा निर्णय केवळ गतीच्या प्रकरणावरून होण्याजोगा नाही. त्याच ग्रंथातील ‘ज्योत्पत्ती’ सोबत वाचावी लागते. दोन चापांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियम तेथे आहे. चाप एका अंशाने वाढल्यास ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करावा व कोटिज्येची १०/५७३ पट मिळवावी, असेही सांगितले आहे. यातून मूळ ज्या वजा करता फरकात दोनच पदे उरतात. अंशाऐवजी अर्धा अंश घेतल्यास कोटिज्येचे पद जवळजवळ निम्मे होते; ज्येचे पद मात्र चतुर्थांशावर येते. अंतर घटत जाईल तसे ज्येचे पद नगण्य होऊन कोटिज्या तेवढी उरते. नित्यसमानता आधी योजल्यामुळेच फरकाचे हे स्वरूप उघड होते. कोष्टकातील वजाबाकीत ते झाकलेलेच राहते.

ही अखेरची पायरी भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही. तेवढ्या अंशी स्पॉटिसवुड यांचा आक्षेप टिकतो, आणि या रीतीस कलनशास्त्राचा शोध म्हणणे अतिव्याप्तीचे ठरते. परंतु तिला निव्वळ कोष्टककाराची युक्ती मानणे हाही अन्यायच होय. अवकलनापूर्वी २ ज्या अ कोज्या अ याचे ज्या २अ असे रूपांतर करणारा आजचा विद्यार्थीही नित्यसमानतेची हीच वाट चोखाळीत असतो.