घरासाठी जनरेटर घ्यायचाय? आधी लाईट जाण्याचं गणित मांडा

जून ते सप्टेंबर म्हणजे काय, हे मुळशी तालुक्यात राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. ताम्हिणीच्या बाजूने पाऊस येतो, कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि लाईट जाते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर चढून मुळशी, मावळ, खेडवरून गेलं, तेव्हा तर खांबच आडवे झाले आणि काही गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. गंमत बघा, याच तालुक्यातल्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात पडून जवळपास शंभर वर्षं वीज तयार होतेय. त्या धरणात इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता.

मी पिरंगुटच्या पुढे राहतो आणि घरूनच कोडिंगचं काम करतो, त्यामुळे आजूबाजूचे लोक हमखास विचारतात, "कोणता जनरेटर घेऊ?" माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही: घर चालवायला मोठा जनरेटर घेऊ नका. घर बॅटरीवर चालवा आणि बॅटरी भरायला छोटा जनरेटर ठेवा. असं का, ते आकड्यांतूनच बघू.

लाईट नक्की किती वेळ जाते?

अंदाज नको, नोंद हवी. घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून ठेवा. चार्जिंग थांबलं आणि परत सुरू झालं की वेळ लिहून ठेवणारी ऑटोमेशन ॲप्स फुकट मिळतात. तो प्लग मात्र इन्व्हर्टरवरचा नसावा. मी एक पूर्ण पावसाळा अशी नोंद ठेवली. लाईट जाण्याचे सरळ दोन प्रकार दिसले: बहुतेक वेळा अर्ध्या तासापासून तीन-चार तासांपर्यंत, आणि मोजक्या वेळा रात्रभर किंवा त्याहून जास्त. पहिल्या प्रकाराला जनरेटर लागतच नाही. प्रश्न फक्त दुसऱ्याचा आहे. (नोंद ठेवताना १९१२ ला तक्रारही करत जा. सगळ्यांना वाटतं शेजाऱ्याने केली असेल.)

वॅटची बेरीज

फोनचा फास्ट चार्जर साधारण २० वॅट, राउटर १०, लॅपटॉप ६०, नऊ वॅटचे चार एलईडी दिवे ३६, दोन बीएलडीसी पंखे ६०. सगळं मिळून दोनशेच्या आत. जुना पंखा असेल तर तो एकटाच ७५ घेतो, म्हणून पंखा बदलणं हा बॅकअपचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो.

खरा राक्षस म्हणजे पाण्याची मोटर. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटरने बाहेर दिलेलं काम. वीज ती हजार-अकराशे वॅट घेते आणि सुरू होताना त्याच्या तीन ते पाच पट. म्हणजे एका मोटरसाठी जनरेटर थेट तीन केव्हीएच्या पुढे जातो, तेही दिवसातून वीस मिनिटांसाठी! त्यापेक्षा छतावर आणखी एक हजार लिटरची टाकी बसवा आणि लाईट असतानाच भरून ठेवा. मोटर यादीतून निघाली की जनरेटरचा आकार जवळजवळ निम्मा होतो. गिझर, इस्त्री, इंडक्शन यांना तर यादीत घेऊच नका.

दुकानात एक गोष्ट लक्षात ठेवा. केव्हीए आणि किलोवॅट एकच नाहीत. जनरेटरवर पॉवर फॅक्टर ०.८ लिहिलेला असेल, तर २ केव्हीए म्हणजे १६०० वॅट. आणि खोक्यावरचा मोठ्ठा आकडा बऱ्याचदा 'मॅक्सिमम' असतो, जो थोडाच वेळ मिळतो. सलग किती मिळतो तो 'रेटेड' आकडा विचारा आणि त्यातलेही वीस-पंचवीस टक्के शिल्लक ठेवा.

बॅटरी मध्ये का हवी?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट उष्णता असते. छोटं इंजिन चांगल्या लोडवर असेल तर त्यातून दीड युनिटच्या आसपास वीज मिळते. पण त्याच इंजिनावर फक्त दोनशे वॅटचा लोड टाकला, तर बहुतेक पेट्रोल इंजिन स्वतःलाच फिरवण्यात जाळतं. साधा २ केव्हीएचा जनरेटर अशा वेळीही ताशी अर्धा लिटरच्या वर पितो. दहा तासांची रात्र काढायला पाच-सहा लिटर, आणि हाती आली फक्त दोन युनिट वीज! पेट्रोल शंभरच्या वर आहे, हिशोब तुम्हीच करा. तीच दोन युनिटं चांगल्या लोडवर बॅटरीत भरली तर दीड-दोन लिटरांत काम होतं. थोडी वीज चार्जिंगमध्ये वाया जाते हे धरूनही फरक मोठाच राहतो.

इथे एक अडचण आहे, जी सेल्समन सांगत नाही. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची असते, हाताशी हजार-अकराशे येतात. दीडशे वॅटवर सात तास निघतात, चांगलंच आहे. पण घरगुती इन्व्हर्टर तिला बहुधा १०-१५ अँपिअरनेच चार्ज करतो, म्हणजे पूर्ण भरायला दहा-बारा तास. मग जनरेटरही दहा-बारा तास चालवायचा का? आपला सगळा बेत फसला.

म्हणून दिवसभराच्या अंधाराची तयारी करायची असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बघा. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी ५० अँपिअरने चार्ज झाली तर दोन-अडीच तासांत भरते. दोन गोष्टी तपासा: बॅटरी किती अँपिअर घेऊ शकते आणि इन्व्हर्टर किती देऊ शकतो. दोन्हींत जो आकडा लहान तोच खरा. लेड-ॲसिडसाठी बनलेल्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी नुसती वायर बदलून लावू नका, त्यात लिथियमचं सेटिंग असायला हवं.

आता जनरेटरवर लोड किती? चार्जिंगचे सातशे, घराचे दोनशे, वर फ्रिज. साधारण हजार-अकराशे. २ केव्हीएचा जनरेटर यात आरामात चालतो.

जनरेटरचेही दोन प्रकार असतात. साध्या प्रकारात इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरलं तरच ५० हर्ट्झ मिळतात. लोड बदलला की वेग हलतो आणि वीजही. इन्व्हर्टर जनरेटर वीज इलेक्ट्रॉनिक्समधून स्वच्छ करून देतो, आवाज कमी, पेट्रोल कमी, किंमत मात्र बरीच जास्त. बजेट नसेल तर साधा घ्या. पण घरचा इन्व्हर्टर त्याची वीज कधीकधी 'खराब' समजून घेतच नाही. मागे मोड बदलायचं बटन असेल तर ते यूपीएसवरून वाइड किंवा नॉर्मलवर करा.

डिझेल जनरेटर एका घरासाठी जड पडतो. सोसायटी, पोल्ट्री किंवा हॉटेल असेल तर वेगळी गोष्ट. तिथे सायलेंट कॅनोपी लागते आणि एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे.

पावसात तो ठेवणार कुठे?

माझ्या मते जनरेटर निवडताना हा पहिला प्रश्न असायला हवा. मुळशीत लाईट जाते पावसात आणि जनरेटर भिजलेला चालत नाही. मग लोक तो पडवीत घेतात, पार्किंगमध्ये, जिन्याखाली. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. घरापासून निदान वीस फूट लांब, चारही बाजू मोकळ्या असलेला पत्र्याचा छोटा आडोसा करा, धुराचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला. अशी जागाच नसेल तर जनरेटर घेऊ नका, तेच पैसे दुसऱ्या बॅटरीत घाला. बॅटरी मध्ये असण्याचा मोठा फायदाही हाच: इंजिन दुपारी दोन-अडीच तास चालवायचं आणि सगळे झोपतात तेव्हा ते बंद असतं.

दुसरा धोका तुम्हाला नाही, वायरमनला आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सॉकेटमध्ये खुपसणारे लोक मी पाहिलेत. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज डीपीपर्यंत उलटी जाते, आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की तुमच्या २३० व्होल्टचे पलीकडे ११,००० होतात. पावसात खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं लाइन बंद आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, अर्थिंगसकट.

सोलर आहे, मग?

पीएम सूर्यघर योजनेतून बसवलेलं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. बिघाड नाही, वर सांगितलेल्या वायरमनच्याच सुरक्षेसाठी तसं बनवलेलं असतं. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि जुलैत मुळशीत ऊन किती पडतं ते तुम्हाला माहीत आहेच.

घेतल्यानंतर

पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, कोल्ड्रिंकच्या बाटलीत नाही. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लोडवर चालवा. पावसाळा संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. नाहीतर जुनं पेट्रोल आत चिकटतं आणि पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून हात दुखतात. नव्या इंजिनाचं पहिलं ऑईल लवकर बदलायचं असतं, किती तासांनी ते मॅन्युअलमध्ये असतं. त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.