भातखाचरातला बेडूक आणि परदेशातलं ताट

मानकोली नाक्यावर आज नजर जाईल तिथे गोदामं आणि कंटेनरच्या रांगा. पण मुंबई–नाशिक महामार्गालगतचा भिवंडी तालुक्याचा हा पट्टा, उल्हास खाडीच्या बाजूचा, मुळात भाताचा. मृगाचा दमदार पाऊस झाला की खाचरं भरायची आणि पुढच्या रात्री बेडकांच्या गलक्यात जायच्या.

त्या गलक्यात सर्वांत मोठा आवाज भातखाचरातल्या मोठ्या बेडकाचा. एरवी हिरवट-तपकिरी दिसणारा नर विणीच्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो. मादी साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालते. खाचर आटायच्या आत पिल्लांना पाय फुटून बाहेर पडावं लागतं. पाणी ओसरलं की हा बेडूक जमिनीत दडून राहतो, थेट पुढच्या पावसापर्यंत.

त्याचा शेपटीवाला भाऊबंद, सॅलॅमँडर, महाराष्ट्रात नाही. तो पूर्व हिमालयात आढळतो आणि पावसाळी डबक्यांतच वितो. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीला त्याच्यासाठी १९८५ साली अभयारण्य झालं.

बेडकाच्या नशिबी मात्र तोवर व्यापार आला होता. युरोप-अमेरिकेत बेडकाच्या मागच्या पायांना मागणी होती आणि भारत हा त्यांचा मोठा पुरवठादार. पावसाळ्याच्या रात्री बत्तीच्या उजेडात बेडूक दिपून जागीच बसतो. त्याला उचलून पोत्यात टाकायचं, पुढे पाय कापून गोठवायचे आणि धड फेकून द्यायचं. अनेकदा हे पाय जिवंतपणीच कापले जात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार हजार टनांच्या घरात पाय देशाबाहेर जात होते. परकीय चलन मिळत होतं, म्हणून हे फारसं कुणाला खुपत नव्हतं.

मुंबईतले निसर्ग अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांना ते खुपलं. सलीम अलींचे हे नातेवाईक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते. भातशेतीतल्या बेडकांच्या आहाराचा अभ्यास करून पिकाचे शत्रू खाणारा हा प्राणी विकणं शेतकऱ्याला महाग पडतं, हे त्यांनी मांडलं. बेडूक किडे खातो आणि बांधाला भोकं पाडणारे लहान खेकडेही. १९८५ मध्ये संस्थेच्या जर्नलमध्ये त्यांचा या निर्यातीवरचा प्रदीर्घ लेख आला. त्याच वर्षी या व्यापारातल्या दोन प्रमुख जाती 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. मागणी काही थांबली नाही. ती बांगलादेशाकडे आणि इंडोनेशियाकडे वळली.

बंदी योग्यच होती, आणि ती आणणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण तिने बेडकाचं शरीर वाचवलं, घर नाही. खाचरावर भराव पडला की पाणी साचायची जागाच संपते, आणि पोत्यातून सुटलेल्या बेडकाचीही पुढची पिढी तिथे होत नाही. मानकोलीच्या परिसरात जी काही भातजमीन अजून उरली आहे, तिच्यावर भराव घालण्यापूर्वी गावांनी आणि नियोजन करणाऱ्यांनी पावसाचं उथळ पाणी धरणारे तुकडे आराखड्यातच राखून ठेवावेत.