तळटीप : थंडीतली काडतुसे

१. बर्फात गोळी खाली लागते याचा दोष मूळ लेखकाने दाट हवेला दिला आहे. ते अर्धेच खरे. वेगमापक बंदुकीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवला, तरी गारठलेल्या काडतुसातल्या गोळीचा वेग कमीच भरतो. तेवढ्या अंतरात हवा फारसे काही करू शकत नाही. खरे कारण बारूद. त्याचे दाणे थंड असले की सावकाश जळतात, दाब कमी चढतो. म्हणूनच तोफखान्याच्या तक्त्यांत हवेची आणि बारुदाच्या तापमानाची दुरुस्ती वेगळी धरतात. बारुदाचे प्रमाण तापमान सहसा २१ अंश सेल्सियस धरतात. ही काळजी हाताने काडतुसे भरणाऱ्याने विशेष घ्यावी. थंडीचा हा परिणाम कारखान्यातल्या काडतुसांनाही चुकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण हाताने काडतूस भरणारा बारुदाचे वजन स्वतः ठरवतो. कडाक्याच्या थंडीत दाबाच्या मर्यादेपर्यंत नेलेले वजन भर उन्हाळ्यात ती मर्यादा ओलांडू शकते, आणि घटलेल्या वेगापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.