हिमाचे वजन आणि नदीचे टोक

सिएरा नेव्हाडाच्या माथ्यावर हिवाळ्यात साठणारे हिम हीच ट्रकी नदीची खरी पुंजी. ते वसंतात वितळून टाहो सरोवरात उतरते. तेथून निघालेली ट्रकी समुद्राला मिळत नाही, वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवरात संपते.

या हिमाचा हिशेब लॅटिनच्या एका प्राध्यापकाने मांडला, याचे आम्हां साहित्याच्या वाचकांना विशेष अप्रूप वाटते. रेनोच्या विद्यापीठातील जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी माउंट रोझवर वेधशाळा उभारली. हिमाची नुसती खोली फसवी असते. भुसभुशीत हिमात पाणी थोडे, दबलेल्यात पुष्कळ. म्हणून पोकळ नळी हिमात खुपसून आतल्या हिमाचे ते वजन करीत. त्यावरून टाहोची पातळी किती चढेल, हे आधीच सांगता येऊ लागले आणि सरोवराकाठचे रहिवासी व खालचे पाणी वापरणारे यांच्यातला तंटा बराचसा निवळला.

नदीच्या टोकाशी राहणाऱ्या पायूट लोकांपर्यंत मात्र हा दिलासा पोचला नाही. १९०५ मध्ये पुऱ्या झालेल्या डर्बी धरणाने ट्रकीचे पाणी शेतीकडे वळवले होते. तिच्याच पाण्यावर जगणारे शेजारचे विनेमका सरोवर १९३० च्या दशकात आटले. पिरॅमिडची पातळी १९६७ पर्यंत सुमारे ८० फूट उतरली आणि पायूटांचा आधार असलेला ट्राउट मासा त्यातून नाहीसा झाला. पाणीवाटपाच्या तडजोडीचा कायदा झाला तो १९९० मध्ये.

पाणी किती येणार, हे चर्च यांची नळी सांगू शकत होती. ते कोणाचे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता. पाण्याचा इतिहास वाचताना हे दोन प्रश्न आपण वेगळे ठेवले पाहिजेत.